कापडाबाहेरच्या पिना

आमच्या घराण्याची वंशवेल एका लांबलचक कापडावर काढलेली आहे. पिंपळगाव राजा या गावातल्या घरी ती मोठ्या काकांच्या ट्रंकेत असते, आणि तिच्यात एकही बाई नाही. आत्याने तरुणपणी एकदा विचारलं होतं. "पोरींचं नाव वेलीवर लागत नसते," काका म्हणाले आणि विषय संपला.

गेल्या दिवाळीत मी त्या कापडाचे तुकड्यातुकड्याने फोटो काढले, जोडले आणि वेबवर नकाशे दाखवणाऱ्या सोयीत घातले. आपण गावं शोधतो तीच. बोटाने सरकवायचं, हवं तिथे मोठं करायचं. त्या सोयीला फक्त बजावलं, ही पृथ्वी नव्हे, सपाट चित्र आहे. काकांची अट होती, वेल आहे तशीच दिसली पाहिजे. मी हो म्हटलं आणि गुपचूप आत्याच्या नावाची पिन लावली. मग हात थांबेना, घराण्यातल्या सगळ्या लेकींच्या लावल्या.

भाऊबीजेला सगळे जमले. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला. वेल उघडली, पण पिना कापडावर नव्हत्याच. कापडाच्या वर, करड्या रिकाम्या जागेत घोळका करून उभ्या होत्या.

"पाह्य बरं," काका म्हणाले, "बाईची जागा कुठं असते थे तुह्या कॉम्प्युटरलेबी समजते."

सगळे हसले. आत्याही हसली, आणि तेच मला सहन झालं नाही.

चूक माझीच होती. पिनेची जागा दोन आकड्यांनी सांगावी लागते. शाळेत आलेखाचा आडवा आकडा आधी शिकवतात. नकाशात अक्षांश आधी, म्हणून उभा आधी. मी शाळेच्या सवयीने उलटं लिहिलं होतं, म्हणून पिना आडव्या सरकायच्या त्या वर गेल्या होत्या. तिथेच बसून मी आकड्यांची अदलाबदल करायला लागले.

काकांनी रिमोट उचलला. "बंद कर थे. मी काय सांगतलं होतं?"

"थांब दादा." काकांसमोर आत्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "मले वाचू दे."

पिना कापडावर उतरल्या. आत्या टीव्हीजवळ गेली. आजोबांच्या नावाखाली, काकांच्या शेजारी, स्वतःचं नाव तिने मोठ्याने वाचलं. काकांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. मग तिचं बोट खाली सरकलं आणि माझ्या वडिलांच्या फांदीवर थांबलं. तिथे एकटा माझा भाऊ होता.

"अन् तुहं नाव कुठं हाय वं?"

सगळ्या लेकी मी मोजून लावल्या होत्या. स्वतःला लावायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.