पानवेलीची गाठ

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तर सीमेवर, चौदा हजार फुटांवरच्या एका पोस्टवर होती. मी हवालदार होतो. प्लाटूनचे सुबेदार होते जोकीम साहेब. ते किनारपट्टीवरच्या नंदाखालचे, मी शेजारच्या निर्मळचा. साहेबांच्या शेवटच्या दिवसाबद्दलचं एक सत्य त्यांच्या बायकोला, फिलूबायना, सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. ते या कार्तिकात सांगितलं, म्हणून आता लिहायलाही हरकत नाही.

पोस्टवरचं रूटीन ठरलेलं. साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात उभं राहणं, सहाला चहा, सातपासून बर्फ उपसणं. उपसून झालं की पुन्हा पडलेलं उपसणं. बोटं इतकी बधिर व्हायची की बुटाची नाडी बांधायला पाच मिनिटं लागत.

पलटणीच्या स्थापना दिवसाच्या बडा खान्याला, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र मेजवानीला, साहेबांनी नाटक बसवलं. ते त्यांनी स्वतःच दोनशेपानी वहीत लिहिलेलं. एका संस्थानाच्या दिवाणाची गोष्ट. राजा आणि सरदार लढाईला उतावीळ, आणि हा एकटा म्हणतो, दाणागोटा नाही, पावसाळा तोंडावर आहे, थांबा. दरबार त्याला भित्रा ठरवतो. कालपर्यंत वाड्यावर जेवणारे लोक त्याला पाहून रस्ता बदलतात. उरते फक्त बायको, सगुणा. लढाई ठरतेच, तेव्हा दिवाण म्हणतो, "मग आघाडीला मी." सगुणा त्याच्या कमरेला शेला बांधते आणि म्हणते, "दरबारात एकटे होतात. उंबरठ्याच्या आत नाही."

दिवाण साहेब झाले. सगुणा मी, कारण कंपनीत माझीच मिशी सगळ्यांत विरळ होती. लुगडं जुन्या पॅराशूटच्या कापडाचं. रात्री दिवा लावायची परवानगी नव्हती, म्हणून प्रयोग दुपारी दोनला लंगरात, आमच्या स्वयंपाकाच्या बंकरात, झाला.

लोक माझ्या लुगड्याला हसायला बसले होते आणि मनसोक्त हसलेही. पण दरबाराच्या प्रवेशात साहेब नुसते उभे राहिले, आवाज न चढवता बोलले, आणि लंगरात स्टोव्हचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. आमचा कुक पाहतच राहिला, भात खाली लागला. मीही हा माणूस पहिल्यांदा पाहत असल्यासारखा पाहत होतो. शेला बांधायची वेळ आली तेव्हा बधिर बोटांना गाठच आठवेना. मग हातांनी आपोआप गावाकडच्या बागायती वाडीतली गाठ बांधली. आमच्याकडे पानवेल केळीच्या वाळक्या सोपटानं, खोडाच्या सालीनं, खांबाला बांधतात, तशी. दोन पीळ आणि टोक आत खोचायचं. घट्ट बसते, पण वेलाला काचत नाही.

साहेब हळूच पुटपुटले, "अरे, मी दिवाण आहे, पानवेल नाही."

चार दिवसांनी सकाळी दहाला ऑर्डर ग्रुपची, म्हणजे मोहिमेचे हुकूम द्यायची, बैठक होती. आम्ही सातजण. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. नाल्यापलीकडची डोंगरधार ताब्यात घ्यायची होती. समोरचे तिथे आधी पोचले तर आमची अख्खी पोस्ट त्यांच्या नजरेखाली येणार होती.

"बाराला निघायचं. कोणाला काही म्हणायचंय?"

जोकीम साहेब म्हणाले, "साहेब, दोन दिवस बर्फ पडलाय. बाराच्या उन्हात उतार धरणार नाही. उद्या पहाटे चारला बर्फ टणक असेल."

मेजर साहेब भले माणूस होते. त्यांनी प्रत्येकाला विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, आजच जाऊ.

माझी पाळी आली. सकाळीच त्या उतारावर मी एक लांब भेग पाहिली होती. पण सगळे एका बाजूला होते, आणि नंदाखालच्याची री निर्मळच्यानं ओढली असं कोणी म्हणायला नको, असं मनात आलं. मी म्हणालो, "आजच, साहेब." आयुष्यात मी तीन-चार मूर्खपणे केले असतील. बाकीचे माफ होण्यासारखे होते.

जोकीम साहेबांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "मग पुढे मी."

पावणेबाराला बंकरच्या दारात त्यांच्या हातात मोजे होते आणि गळ्यातला मफलर वाऱ्यानं सुटत होता. मी पुढे होऊन तो बांधला, तोच पीळ, टोक आत. काहीतरी बोलायला हवं म्हणून नाटकातलं वाक्य बोललो, "दरबारात एकटे होतात. उंबरठ्याच्या आत नाही."

ते हसले. "दरबारात तूही होतास, सगुणाबाई."

त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि अकरा जणांना घेऊन ते निघाले. रागाचा लवलेश नव्हता.

नाल्याशी त्यांनी अकराही जणांना अलीकडे थांबवलं आणि एकटे उतारावर गेले. मी पोस्टवर होतो, वायरलेस सेट माझ्याकडे होता.

"टायगर, टायगर फोर बोलतोय. मी मध्यावर. बर्फ भुसभुशीत. बाकीच्यांना पाठवू नका. ओव्हर."

"रॉजर. परत या. ओव्हर."

"येतो."

दोन वाजून दहा मिनिटांनी अख्खा उतार खाली आला. आम्ही दोन दिवस खणत होतो, तेव्हा साहेब सापडले. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला, त्यांनी सांगितलेल्या वेळेला, तेच अकरा जण टणक बर्फावरून धारेवर पोचले. एकालाही खरचटलं नाही.

यंदा निर्मळच्या जत्रेत पोरांनी साहेबांचं नाटक बसवायला घेतलं. वही फिलूबायनी दिली, तालमी माझ्या माथी मारल्या. शेवटच्या तालमीला त्या नंदाखालहून रिक्षानं आल्या. माहेर मिठागराकडचं, बोलणं अजून तिकडचंच. दिवाण दरबारात एकटा पडला तसा त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"ही सगुना मीच," त्या मला म्हणाल्या. "ह्यांचे तिघे भाऊ बिल्डरला वाडी द्यायला निघाले. हे एकटे नको म्हनाले. मग कोन बोलेना त्यांच्याशी. तवा मी हे वाक्य म्हनलं होतं."

मग त्यांनी विचारलंच. "दत्ता, वर त्या दिवशी त्यांच्या बाजूनं कोन बोललं?"

आजवर मी "सगळेच" म्हणत आलो होतो. समोर दिवाण पाठमोरा उभा होता. मला खोटं बोलवेना.

"कोणीच नाही, बाय. मीही नाही. मी भेग पाहिली होती, तरी गप्प बसलो."

मग पिशवीतून त्यांनी मफलर काढला. साहेबांच्या सामानाबरोबर आलेला. गाठ अजून तशीच होती.

"सामान आलं तवाच वळखलं, ही वाडीतल्या मानसाची गाठ. तिथं दुसरा कोन होता वाडीतला? म्हनून सोडली नाय. तू बोलला नाहीस, ते वाईटच केलंस. पन बांधलंस." त्यांनी मफलर माझ्या हातात दिला. "शेला म्हनून हाच घ्या नाटकात. सोड आता."

पानवेलीची गाठ एका ओढीत सुटते. टोक बोटांत धरलं. उकाडा होता, बोटं चांगली गरम होती. तरी माझ्यानं ओढवेना.

"ऱ्हाऊ दे मग," फिलूबाय म्हणाल्या.

प्रयोगात दिवाणानं तो मफलर तसाच, बांधलेला, गळ्यात घातला. प्रेक्षकांना वाटलं, पोरं शेला विसरली. मी विंगेत सावधानमध्ये उभा होतो.