बैठकबाई

खात्यातल्या लोकांनी बाईंचं नाव बैठकबाई ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. काम म्हणाल तर सगळ्यांचं सारखंच. ज्या मुलामुलींना पुढे लोकांच्या उपयोगाची सरकारी नोकरी करायची आहे, म्हणजे कुणाला आरोग्य खात्यात जायचंय, कुणाला अग्निशमन दलात, कुणाला कचेरीत बसून लोकांचे दाखले वेळेवर द्यायचेत, त्यांच्या शिक्षणाचा भार सरकार उचलतं. फी, वसतिगृह, महिन्याचा हातखर्च, आणि शिक्षण संपलं की काही वर्षं सरकारी सेवा. अट एवढीच, की मूल हुशार हवं आणि घर गरीब. हुशारी परीक्षेत कळते. गरिबी कळायला मात्र घरी जावं लागतं, आणि त्यासाठी ही मंडळी नेमलेली.

बाकीचे अधिकारी जेवणाच्या सुट्टीआधी तीन-चार घरं उरकून परत येत. दारातून डोकवायचं, टीव्ही आहे का, फ्रीज आहे का, खुणा करायच्या, सही घ्यायची, की पुढचं घर. बाई मात्र एका घरात शिरल्या की ठाण मांडून बसायच्या. साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही घर बघायला जाता की राहायला?" सगळे हसले. बाईही हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एका घरात तशाच जाऊन बसल्या. विनोदाने सुधारणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

बसून करायच्या काय, तर काही नाही. पाणी प्यायच्या, चहा नको म्हणायच्या, मग घ्यायच्या, घरातल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. आपण आल्याआल्या घर खोटं बोलतं, जरा थकलं की खरं बोलतं, असं त्यांचं मत होतं. कुणी टीव्ही पलंगाखाली ढकलून वरून चादर सोडलेली असायची. बाई उठत नाहीत म्हटल्यावर आतून नातू भोकाड पसरायचा, कार्टून लावा म्हणून. अशा लबाडीचं त्यांना हसू यायचं.

पण लबाडीची दुसरीही एक तऱ्हा आहे, आणि ती लबाडी म्हणायची की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काही घरं श्रीमंती लपवत नाहीत, गरिबी लपवतात. सरकारचं माणूस येणार, त्याला जमिनीवर कसं बसवायचं, म्हणून शेजारपाजारहून चांगल्या वस्तू आणून मांडतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. डोकावून जाणारा अधिकारी त्या वस्तू मोजतो, 'परिस्थिती बरी' असं लिहितो आणि ते पोर गळतं.

बाई स्वतः अशाच गळल्या होत्या. शाळेत पहिल्या यायच्या. सरकारी वकील व्हायचं होतं. ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला काही नाही त्यांची बाजू सरकारने मांडावी आणि सरकारच्या वतीने आपण, एवढं साधं त्यांचं गणित होतं. आई लोकांचे कपडे इस्त्री करायची, वडील नव्हते. घरी बघायला माणूस येणार असं पत्र आलं तेव्हा आईने शेजारच्या काकूंचं आरशाचं कपाट ओढत ओढत आपल्या बाहेरच्या खोलीत आणलं. काकूही उत्साही, त्यांनी बरोबर दोन खुर्च्या दिल्या आणि खिडकीला पडदा लावून दिला. आलेला माणूस भला होता. कपाटाच्या आरशात बघून त्याने केससुद्धा सारखे केले. जाताना मुलगी त्याला सोडायला जिन्यात गेली, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "छान घर ठेवलंय आईने. तुम्हाला आमची गरज नाही, पोरी. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना मिळू दे."

मुलीने वर बघितलं. दारात आई उभी होती, हसत. ते कपाट आमचं नाही, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. तो माणूस गेला.

नकार आला तेव्हा आई म्हणाली, "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. हुशार पोरी सोडून भलत्यांना देतात." मुलीने मान डोलावली. खरं कारण तिने आईला कधी सांगितलं नाही. पुढे लहान परीक्षा देऊन ती त्याच खात्यात कारकून झाली, मग घरोघर जाणारी अधिकारी झाली, आणि आई जाईपर्यंत दोघी त्याच दोन खोल्यांत राहिल्या. एकच गोष्ट तिला कधी उलगडली नाही. त्या नकारानंतर आईचं आणि काकूंचं बिनसलं. भांडण नाही, तंटा नाही, पण आईने पुन्हा त्या घरातून चिमूटभर साखरसुद्धा आणली नाही. काकू आपणहून काही घेऊन आल्या तर आई दारातूनच नको म्हणायची. म्हातारपणी माणसं हेकट होतात, असं बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर त्या दिवशी बाई गेल्या ते घर एका शर्टाच्या कारखान्यात काजं-बटणं करणाऱ्या बाईचं होतं. जिन्याच्या टोकाला एक खोली, घरात ती आणि तिची मुलगी. मुलगी परीक्षेत वरच्या क्रमांकात आलेली. आता सगळं या भेटीवर होतं. शिवाय खात्याने नवीन नियम काढला होता, की खोलीचा फोटो मोबाइलवर काढून त्याच दिवशी पाठवायचा. एकदा फोटो गेला की ब्रह्मदेवालासुद्धा तो परत आणता यायचा नाही.

बाई आत आल्या आणि दारातच थबकल्या. खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. लाल मखमलीचा भलामोठा सोफा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, जणू खोली त्याच्याभोवती बांधली होती. कोपऱ्यात उभा पंखा गरगरत होता. समोर टीव्ही, पण त्या भिंतीला विजेचं बटण नव्हतं आणि वायर नीट गुंडाळून मागे लपवलेली होती.

"बसा ना," मुलीची आई म्हणाली. तिने स्वतःचा सगळ्यात चांगला पोशाख घातला होता. "आमचं आपलं साधंच आहे."

"छान आहे की," बाई म्हणाल्या आणि बसल्या. फोन पिशवीतच राहू दिला.

"फोटो काढायचा असतो ना?" आईनेच विचारलं. कुणीतरी तिला पढवून ठेवलं होतं. "आत्ताच काढा, उजेड चांगला आहे."

"निघताना काढते. घाई काय आहे?"

आईचा चेहरा उतरला. वस्तू तासाभराच्या बोलीवर आणल्या असणार, हे बाईंनी ओळखलं. त्या मुलीकडे वळल्या. ती स्टुलावर अंग चोरून बसली होती आणि सोफ्याकडे बघत नव्हती. ते न बघणं बाईंच्या ओळखीचं होतं.

"तुला काय व्हायचंय?"

"कारखाना निरीक्षक."

"तेच का?"

मुलीने आईकडे बघितलं, मग बोलली. "आईच्या कारखान्यात काम चालू असताना मागच्या दाराला कुलूप असतं. माल चोरीला जातो म्हणून. आग लागली तर बाहेर पडायला वाटच नाही."

"मग तपासायला कुणी येत नाही?"

"येतात. त्या दिवशी दार उघडं असतं. सगळ्यांना नवे मास्क देतात, थंड पाण्याचं पिंप आणून ठेवतात. साहेब बघतात, सही करतात, जातात. की पिंप परत, मास्क परत, आणि दाराला कुलूप."

"मग तू काय करणार निराळं?"

"मी बसून राहीन," मुलगी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत. कुलूप लावायला कुणीतरी येईलच ना."

इतक्या वर्षांत बाईंच्या बसण्याची बाजू घेणारं हे पहिलंच माणूस. त्यांना हसू आलं. आई मात्र हसली नाही. ती उसन्या सोफ्याच्या कडेवर टेकली होती आणि लेकीचं बोलणं तिला कुठेतरी लागलं होतं.

तेवढ्यात शेजारची सून दारात आली. पाहुण्यांना बघून ओशाळली. "काकू, आमच्या आजोबांना गुदमरतंय हो. पंखा..."

"हां, ने, ने," आई घाईने म्हणाली. "आमचाच आहे, पण आम्ही त्यांना वापरायला देतो."

पंखा गेला. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरचा ड्रायव्हर जिन्यात दिसला. रात्रपाळीला जाण्याआधी तो घरी सोफ्यावर झोप काढायचा, आणि आज त्याच्या झोपेवर सरकारी पाहुणी बसली होती. "सहज आलो होतो," असं पुटपुटून तो भला माणूस पायरीवर टेकला आणि तिथेच भिंतीला डोकं लावून पेंगायला लागला.

 मग आई ताठ बसली. "बाई, कागद द्या. मी सही करते. सोफा, टीव्ही, सगळं आमचंच आहे. लिहा."

"सही केलीत की पोरीला काही मिळायचं नाही."

"का? आम्ही काय भिकारी असायला पाहिजे? उद्या तिला साहेब व्हायचंय. असल्या रिकाम्या घरातल्या पोरीला कोण खुर्ची देणार?" तिने कागदासाठी हात पुढे केला. "तुम्हाला नाही कळायचं."

बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि मग जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते या अनोळखी बाईला सांगितलं. आरशाचं कपाट, दोन खुर्च्या, जिन्यातला तो भला माणूस, त्याचे शब्द. आईला आपण खरं कारण कळू दिलं नाही, तेवढं एक तरी नीट केलं, असं म्हणून त्या थांबल्या. आई सरकारला नावं ठेवत राहिली, काकूंशी हेकटासारखी वागली, तेही बोलण्याच्या ओघात येऊन गेलं.

शर्टाच्या कारखान्यातली ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"तो माणूस जिन्यात बोलला ना?"

"हो."

"आणि तुमची आई?"

"वर. दारात उभी होती."

"जिन्यातलं सगळं वर ऐकू येतं, बाई."

"नाही हो," बाई म्हणाल्या. "ती हसत होती."

"हसणारच. तुम्ही वर बघितलंत ना! मग काय करणार ती?" मुलीच्या आईने डोळ्यांवरून हात फिरवला. "शेजारणीने काय वाकडं केलं होतं तिचं? काही नाही. पण ते कपाट पुन्हा बघवलं नसेल त्या माउलीला. सरकारला नावं ठेवत राहिली, म्हणजे तुम्हाला वाटायला नको, की आईमुळे गेलं."

 किती वर्षं एका छताखाली त्या दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत राहिल्या होत्या. घरोघरी बसून लोकांच्या घरांचं खरं काढणाऱ्या बाई स्वतःच्या घरात मात्र कधी तेवढा वेळ बसल्या नव्हत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

आईने लेकीकडे बघितलं. मग ती सोफ्यावरून उठली.

"मला हिच्यासमोर जन्मभर तसं हसायचं नाही," ती म्हणाली. "लिहा. सोफा खालच्या ड्रायव्हरचा. टीव्ही समोरच्यांचा. पंखा कुणाचा ते तुम्ही बघितलंच. आमचं म्हणाल तर हे स्टूल, चटई, शेगडी-भांडी आणि तिची पुस्तकं."

"आधी त्या बिचाऱ्याला झोपू द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी सोफ्याचं एक टोक धरलं. दुसरं मायलेकींनी धरलं. पायरीवरचा ड्रायव्हर धडपडून उठला, सरकारी बाईंच्या हातात आपला सोफा बघून त्याची झोपच उडाली. चौघांनी मिळून तो जिन्यातून खाली नेला, वळणावर अडकला तेव्हा ड्रायव्हरने रिव्हर्स, रिव्हर्स असा ओरडा केला आणि मुलगी पहिल्यांदा हसली. टीव्ही तिने एकटीने नेऊन दिला.

परत आल्यावर खोली केवढी तरी मोठी वाटत होती. आईने चटई झटकून टाकली. बाईंनी चटईवर बसून यादी लिहिली, चार ओळींत संपली. आईने सही केली, सावकाश, वाचून. बाईंनी रिकाम्या खोलीचा फोटो काढला आणि तिथूनच पाठवून दिला. बाकीचं खातं करील. परीक्षेत ती वर होती आणि घर हे असं होतं, तेव्हा आता तिला अडवणारं काही उरलं नव्हतं.

काम झालं होतं. बाईंनी फोन पिशवीत ठेवला, चष्मा ठेवला, पिशवीची चेन लावली. पण घरी जायचं म्हणजे त्याच दोन खोल्यांत, त्याच जिन्याने वर, त्याच दारातून आत.

आईने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चहाचं पातेलं शेगडीवर चढवलं.

"बसा अजून थोडं," ती म्हणाली.

बाई बसल्या.