आईचा कमरपट्टा

पडदा वर जातो. तालमीची लांबट खोली. एका भिंतीला आरसे, कोपऱ्यात पेटी, पावलांनी गुळगुळीत झालेल्या लाकडी फळ्या. आरशासमोर एक उंच मुलगी उभी आहे, आणि आपण इथे नसतो तर बरं झालं असतं, अशा बेतानं तिनं खांदे पुढे ओढून घेतले आहेत. सगळे तिला 'कमान' म्हणायचे.

तिची आई लाँड्रीत इस्त्री करायची. लहानपणीच पोरगी आईच्या डोक्यावरून वर गेली. "ताडाला फांद्या फुटल्या" असं शेजारणी म्हणू लागल्या, तेव्हापासून ती वाकून चालायला लागली. वाकायची सवय लागली ती लागलीच. पण वाकलेल्या अंगात श्वास मावत नाही, हे कळलं ते गाता गाता नाचायची पाळी आली तेव्हा. दुसऱ्या गिरकीलाच भाता रिकामा.

गाण्याच्या बाई सांगायच्या, "पोट सोड गं. फासळ्या फुलू देत. खांदे उचलून श्वास मिळत नाही, नुसते खांदेच उचलले जातात." नृत्याचे मास्तर म्हणायचे, "तू नाचतेयस की पडलेली सुई शोधतेयस?" पोरी फिदीफिदी हसायच्या. रोज भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मग जमिनीवर पडून पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायचा, असा पाठ बाईंनी घालून दिला होता. कमानीनं तो थोडे दिवस केला आणि कंटाळून सोडला.

वार्षिक प्रयोगाची नायिका निवडायचा दिवस आला, तरी तिची पाठ होती तशीच वाकलेली. आईचा कमरपट्टा दाराआड खुंटीला असायचा. डॉक्टरांनी दिलेला, आत कडक पट्ट्या घातलेला. त्याच्याशिवाय आईला दिवसभर इस्त्रीपुढे उभं राहवत नसे. कमानीनं तो न विचारता उचलला आणि झग्याखाली करकचून आवळला.

पाठ अशी ताठ झाली, की मास्तर बघतच राहिले. गिरक्या झाल्या, पावलं जुळली. शेवटची लांब ओळ आली आणि श्वास पट्ट्याच्या वरच अडकला. ओठ हलले, आवाज फुटेना. तिच्या मागे, तिच्या उंचीआड पुरती झाकलेली, तिची मैत्रीण ठेंगू उभी होती. दोघींचा गळा एकाच जातीचा. तिचा श्वास अडकलाय हे ठेंगूनं ओळखलं आणि ओळ अलगद उचलून शेवटापर्यंत नेली.

पेटीवर मान घालून बसलेल्या बाईंनी डोळे पुसले. "पाठही सरळ, श्वासही पुरला. नायिका ठरली."

टाळ्या पडल्या. कमानीचे कान तापले. ठेंगू सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती, आणि तेच तिला बघवेना.

तेवढ्यात तिला न्यायला आई दारात आली. एक हात कमरेवर, दुसरा चौकटीवर. बाई कौतुकानं म्हणाल्या, "या, या. लेक आज ताठ उभी राहिली हो."

"राहू दे उभी, माझ्या वाटचंही राहू दे," आई हसली. "मेला पट्टा कुठे गेला कोण जाणे. आज इस्त्री नाही केली, इस्त्रीवर लोंबकळले."

सगळे हसले. कमानीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती कपडे बदलायच्या पडद्याआड गेली आणि पट्टा हातात घेऊन परतली. खांदे पुन्हा पुढे आले होते.

"बाई, शेवटची ओळ माझी नव्हती," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "ठेंगू गायली. आणि पाठ या पट्ट्याची होती."

कुणी हसलं नाही. बाईंनी पेटीचा भाता बंद केला. "ठेंगू, पुढे ये," एवढंच त्या म्हणाल्या. ठेंगू नको नको म्हणत होती. मास्तरांनी तिला हाताला धरून पुढे आणलं. कमानीला मागच्या रांगेतली जागा मिळाली. "उद्यापासून भिंतीला पाठ," बाई तिला म्हणाल्या. तिनं मान हलवली, वर मात्र पाहिलं नाही.

आई दारातून तिच्याजवळ आली. नुसती पाठमोरी झाली. कमानीनं वाकून पट्टा तिच्या कमरेभोवती घेतला, टोकं जुळवली, एक घर सैल केलं.

"आवळला नाही ना गं, आई? श्वास घेऊन बघ."