मधला स्पीकर आणि राजाची ओळ

माझा धाकटा भाऊ कटंगीजवळच्या गावात दंडारीत राजा व्हायचा. दंडार म्हणजे दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, वेळी गावकरीच करतात ते नाटक. शेवटच्या वर्षी तो दरबारातली एक ओळ विसरला, असं मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले. तो म्हणाला, विसरलो नाही. तेव्हापासून भेटलो की हेच भांडण. दंडारीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग झालं होतं, पण आमच्या टीव्हीवर लावलं की नुसता ढोलकीचा गोंगाट. राजा तोंड हलवतो एवढंच दिसे.

यंदा नागपूरला राहणाऱ्या माझ्या मुलाने स्वतःला नवीन होम थिएटर घेतलं आणि जुना रिसीव्हर, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणारं मशीन, आमच्याकडे पाठवला. स्पीकर नव्हते. फोनवर म्हणाला, "स्पीकर याले जमतील असेच घेजो आई. बोलणं मधल्या स्पीकरातून येते, तो पारखून घेजो."

मला इतका हुरूप आला की लगेच भावाला फोन केला. "रविवारी ये. तू काय बोलला अन् काय गिळलं, ते ऐकवते तुले."

"हौ, येतो. मग माफी माग, सर्‍यायसमोर."

दुकानात जाण्याआधी रिसीव्हरच्या मागे तारा जोडायच्या जागी जे लिहिलं होतं, ते मी कागदावर उतरवलं. इंग्रजी येत नाही, आकडे येतात. ६ ते १६, आणि पुढे घोड्याच्या नालेसारखी खूण.

घरची धाकटी सून सोबत होती. दुकानदाराने माझ्या छातीएवढे दोन खांब पुढे केले. "ये लीजिए माताजी, चार ओम के हैं, पूरा मोहल्ला हिलेगा."

"मोहल्ला हलवून काय करू? अन् देवाचं नाव घेऊन माल काहून विकून राह्यला?"

मला वाटलं, म्हातारी पाहून हा ओम-ओम करतोय. सून तोंडावर पदर धरून हसली. "आई, भगवानवाला ओम नाही तो! बिजलीचं माप आहे." तिने स्पीकरच्या मागे बोट ठेवलं. तीच नाल, आणि आधी ४.

मी कागद काढला. चौथीपर्यंतच शिकले, पण चार सहापेक्षा कमी हे पहिलीतच कळतं. "आमच्या मशीनवर सहाच्या खाली काही लिहिलं नाही. हे नाही जमणार."

"चल जाता है माताजी. बस, आवाज कम रखना."

"मी ऐकायले आले अन् तू आवाज कमी ठेवायले सांगून राह्यला?"

त्याने आतून आठवाले दोन संच आणले. त्याला विमानं-बॉम्बांचा सिनेमा लावायचा होता. मी दंडारीचं रेकॉर्डिंग भरलेला पेनड्राइव्ह पुढे केला. पहिल्या संचात ढोलकी झकास, पण राजा धानाच्या कोठीत बसून बोलतोय असं वाटलं. दुसरे स्पीकर दिसायला मामुली होते. त्यांचा मधला, आडवा स्पीकर सुरू झाला आणि प्रधानाचा एकेक शब्द सुटा झाला. दरबार सुरू होणार, तेवढ्यात मी ओरडले, "बंद करा!"

"सुन तो लो आई," सून म्हणाली.

"नाही. भाऊ समोर असताना."

तोच संच घेतला. रविवारी भाऊ आला, जेवला आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसला. दरबार आला. ढोलकी कडाडली, आणि तिच्या खालून ओळ आली, अख्खी, स्वच्छ: "परजा उपाशी असंल, तं राजा जेवंल कसा?"

त्या दिवशी मी ढोलकीवाल्याला खेटून बसले होते. मला ऐकू आलं नाही, आणि मी बोंब मारली की हा विसरला.

भाऊ उठून उभा राहिला. "आता?"

"बोललास. चूक माही आहे."

"असं नाही चालत. सर्‍यायसमोर म्हणली होतीस."

खरं होतं ते. मी सुनेला शेजारच्या चार घरांत पाठवलं आणि ज्या नातेवाइकांसमोर बोलले होते, त्यांना घरातल्या सगळ्या मोबाइलांवरून फोन लावून चालूच ठेवले. ओसरी भरली. मी दरबार पुन्हा लावला. भाऊ आरशासमोर केस सारखे करत होता.

"अवं, आवाज वाढव," तो म्हणाला.

मी बटण शेवटपर्यंत फिरवलं.