म्हाताऱ्याला ढकलायचं कधी?

माझे वडील पक्षाघातानं परभणीच्या एका दवाखान्यात पडले होते, आणि मी त्यांचा खून करणार असल्याची बातमी दुपारपर्यंत आमच्या गावी, ताडकळसला पोचली होती.

त्याचं असं झालं. मी टीव्हीवरच्या कार्टूनसाठी विनोद लिहितो. डी.एड. करूनही मास्तरकी मिळेना, म्हणून मुंबई गाठली. पहिली दोन वर्षं मला फक्त पडणाऱ्यांचे आवाज लिहायला दिले. 'धप्प!', 'आई गं!', 'मेलो!' (त्यातही दुरुस्त्या यायच्या!) मग कोण पडणार हे ठरवायचा अधिकार मिळाला. आमच्या धंद्यात यालाच बढती म्हणतात. गावात दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच सांगायचे, "पोरगं टीव्हीत हाय." पुढं कुणी विचारलं की विषय पावसावर न्यायचे.

दादांचं डावं अंग गेलेलं, जीभ जड झालेली. तीन दिवस मी त्यांचं हगणंमुतणं काढत होतो. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." अशात मुंबईहून निर्मात्या बाईंचा फोन! भाग संध्याकाळपर्यंत हवा. रेंज फक्त दादांच्या खाटेजवळच्या खिडकीत. तिथंच उभा राहून बोलायला लागलो.

"नाही मॅडम, जिन्यावरून नको. जिना मागच्या आठवड्यात झाला. म्हाताऱ्याला विहिरीतच ढकलू… हो, पोरगाच ढकलतो. हसत हसत!"

शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईनं नवऱ्याचं सलाईन पदराआड घेतलं.

दारात काका जेवणाचा डबा घेऊन उभे. "कोनाला ढकलायलास रे?"

"म्हाताऱ्याला. आज संध्याकाळपर्यंत संपवायचंय, काका." (मी भागाबद्दल बोलत होतो हो!)

काकांनी डबा खाली ठेवला, बाहेर जाऊन गावाकडं फोन लावला. तासाभरात दोन मोटारसायकलींवर आत्या, दोन चुलतभाऊ आणि सरपंच हजर. आत्या दादांच्या आणि माझ्या मधी येऊन बसली.

"आपल्या हिरीला पानी तरी हाय का?" धाकट्या चुलतभावानं विचारलं.

"न्हाई, म्हनून तर लय लागंल!" थोरला म्हणाला.

मी घसा फोडून खुलासा केला. कुणी ऐकेना. शेवटी मोबाईलवर जुना भाग लावला. म्हातारा छपरावरून शेणात पडला, तशी आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. सरपंच हसले. सलाईनवाल्या बाईनं, "अजून एक लावा की!" अशी फर्माईश केली.

दादा तेवढे हसले नाहीत. उजव्या हातानं माझी बाही ओढून, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मला… खरंच वाटलं."

"काय बोलायलाव दादा! तुमी तर ओरडायचं न्हाई का?"

"म्हन्लं… कटाळलं असंल पोरगं. आपन बी… जड झालाव."

पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी संवाद घालतोय मी. त्या वेळी फक्त त्यांचं पांघरूण सारखं केलं.

संध्याकाळी भाग बदलून पाठवला. नव्या भागात म्हातारा स्वतःच घसरून पडतो, आणि पोरगा विहिरीत उतरून त्याला खांद्यावर घेऊन वर येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेले. स्मशानातून परतल्यावर मोबाईल उघडला, तर निर्मात्या बाईंचा निरोप येऊन पडला होता. भाग नापास. शेरा एकच: 'मुलगा खरा वाटत नाही.'