घमेल्यातलं शेण

तानाबाई म्हणजे माझी आत्या. मूळची मोडनिंबची. पन्नाशी उलटली, गुडघं कामातनं गेल्यात. नववीत शाळा सोडली तवापासनं मी तिच्यासंगं खुरपं चालवते. तिला कोण उलटं बोललं की माझं डोकं फिरतंय, ते आधीच सांगते.

जुळे सोलापूरला हिंदुराव साहेबांचा बंगला हाय. पुढं लॉन. तीन वर्सं आत्यानंच सांभाळलंय. तिचं म्हणणं एकच, तण उपटायची पाळीच येऊ द्यायची न्हाय. गवत लई बारीक कापायचं न्हाय. दाट राहिलं की खाली ऊन पोचत न्हाय, तण उगवत न्हाय. पाणी पण रोज शिंपडायचं न्हाय. दोन-तीन दिसांनी एकदाच, पोटभर.

जूनमधी साहेबांनी गावाकडनं ट्रॉलीभर शेण आणलं. आत्यानं मुठीत घेऊन बघितलं. ओलं, वास मारणारं.

"साहेब, हे कच्चं हाय. खड्ड्यात चांगलं कुजू द्या, मग टाका. जनावरानं खाल्लेलं बी त्यात जितं असतंय."

"तानाबाई, मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे."

"व्हय की. म्हणून तर सांगते."

साहेब हसले. आन पसरायला आमालाच लावलं.

आत्यानं त्यातलंच थोडं शेण फुटक्या घमेल्यात घेतलं, गाडीच्या शेडमागं ठेवलं. त्यावर रोज तांब्याभर पाणी घालायची.

"हे कशाला गं?"

"पेरायच्या आधी बी ओल्या पोत्यात उगवून बघत्यात की. तसंच हे."

तीन आठवड्यांत लॉनभर काटेमाठ, घोळ, गाजरगवत. साहेबांनी बोलावलं.

"तुमचं हल्ली लक्षच नाही. रविवारी पोरीचा साखरपुडा, दारात पाहुणे येणार. मी दुसरा माणूस बघितलाय. उद्यापासून येऊ नका."

हे एवढंच एक घर आमाला बारमाही हाय. मी खुरपं आपटलं. "शेण कुणी टाकलं साहेब?"

"पायल, गप बस," आत्या मला म्हणली.

आत्या शेडमागं गेली. घमेलं फरफटत आणलं, पायरीवर ठेवलं. त्यात तोच काटेमाठ, तीच घोळ. गच्च.

"ह्यात लॉनची चिमूटभर माती न्हाय, साहेब. नुसतं तुमचं शेण हाय."

साहेबांनी वाकून घमेल्यात बघितलं. दारातनं साहेबांच्या मॅडम म्हणल्या, "त्या दिवशी बाईंनी सांगितलं होतं की तुम्हाला."

"बरं, मग आता?" साहेबांनी आत्याला विचारलं.

"आता काय? बी धरायच्या आत उपटायचं. हातानं, मुळासकट."

"रविवारपर्यंत होईल?"

"बघू की."

दुसरा माणूस आला न्हाय. चुकलं असं पण कोण म्हणलं न्हाय. मी मातर खूश. म्हणलं, "आत्या, जिंकलीस की गं!"

ती एक गुडघा दुमडून, दुसरा पाय लांब करून कवाच बसली होती.

"जिंकले खरं, पण उपटायचं कुणी? सरक तिकडं. काटेमाठावर उभी हाईस."