सही न करणारी बाई

अर्थशास्त्राच्या वर्गात माझी आई पहिल्यांदा आली ती एक टिंब म्हणून.

प्राध्यापकांनी फळ्यावर निळ्या मार्करने मोठा चौकोन काढला, त्यात रांगेने टिंबं मांडली आणि त्यातलं एक लाल केलं. ही समजा एक जुनी इमारत, ते म्हणाले. सगळ्यांना नवीन घर हवंय, मोठं, लिफ्टवालं, आणि तेही फुकट. सगळे पुनर्विकासाला संमती देतात. हे लाल टिंब सही करत नाही. का? कारण आपल्यावाचून सगळ्यांचं अडलंय हे त्याला कळलंय, आणि अडलेल्यांकडून किती उकळता येईल ते त्याला बघायचंय. मागून कोणीतरी म्हणालं, "देअर इज ऑलवेज वन आंटी." वर्गात हशा पिकला.

मी हसले नाही. आमच्या दहिसरच्या इमारतीतली ती वन आंटी तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि त्या सकाळी तिनेच मला डब्यात घावणे आणि चटणी दिली होती.

कॉलेज पवईला होतं, काचेच्या ऑफिसांच्या मागे. छोटं, नवीन, लिबरल आर्ट्सचं. आमच्याकडे आर्ट्स म्हणजे बारावीत वाट लागलेल्यांची सोय. त्यामुळे दहावीपासून चांगले मार्क पाडणारी मुलगी तिथे कशाला गेली हे कुठल्याच नातेवाइकाला शेवटपर्यंत पटलं नाही. बीकॉम कर, बँकेच्या परीक्षा दे, असं आत्या, काका, मामा सगळ्यांनी सांगून झालं. मी म्हटलं, मला अर्थशास्त्रच शिकायचंय, आणि ते असं शिकायचंय की सोबत इतिहासही वाचता येईल, तत्त्वज्ञानही. काका म्हणाले, म्हणजे नक्की काय होणार तू? मी म्हटलं, अजून ठरवलेलं नाही. हे उत्तर आमच्या घरात उद्धटपणात मोजलं गेलं. असू दे. फी माफ झाली होती, त्यामुळे कोणाची परवानगी लागणार नव्हती.

तिथे प्राध्यापकांना नावाने हाक मारायची पद्धत होती. मला काही ते जमलं नाही. सर म्हटलं की ते हसायचे आणि नावाने बोलवायला माझी जीभ वळायची नाही, म्हणून तीन वर्षं मी त्यांना काहीच म्हटलं नाही, नुसता हात वर केला. आणि वर्गात बोलण्याला मार्क होते. गप्प बसून ऐकणाऱ्याचे मार्क कापले जायचे. आमच्या शाळेत याच्या बरोब्बर उलट होतं, त्यामुळे माझं पहिलं वर्ष तोंड उघडायला शिकण्यातच गेलं. एकदा उघडल्यावर मात्र ते मिटलं नाही, आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही.

आता इमारतीबद्दल. गिरण्या बंद पडल्यावर परळकडची बरीच कोकणी कुटुंबं उपनगरात पांगली. त्यातली काही, एकमेकांच्या गावची आणि ओळखीची, दहिसरला या चार मजली इमारतीत आली. लिफ्ट नव्हती. प्लास्टर पडायचं. चौथ्या मजल्यावर सेक्रेटरींची आई राहायची, गुडघे गेलेली. ती खाली उतरायची ते डॉक्टरकडे जायला, आणि तेही खुर्चीत बसून, दोघांनी उचलून. म्हणजे नवीन इमारत हवीच होती. बिल्डर लुटारू आणि रहिवासी बिचारे अशी ही गोष्ट नाही.

मलाही ती हवी होती. मी हॉलमध्ये झोपायचे आणि अभ्यासाला गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचे. नव्या नकाशात मला खोली होती, खिडकीसकट. त्या खिडकीखाली मी मनातल्या मनात टेबलसुद्धा ठेवलं होतं.

पण त्याच नकाशात गच्ची नव्हती. म्हणजे होती, तेविसाव्या मजल्याच्या वर, सोलर पॅनलसाठी, कुलूपबंद. आणि नव्या सोसायटीच्या नियमांच्या मसुद्यात एक ओळ होती, की इमारतीच्या कुठल्याही मोकळ्या जागेत खाद्यपदार्थ वाळवायला मनाई राहील.

आमची गच्ची होळी झाल्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत बायकांची असायची. मसाल्याच्या मिरच्या, कुरडया, पापड, सांडगे. कोणाचा दिवस कोणता हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. एकीच्या मिरच्यांची देठं मोडायला सगळ्या बसायच्या. मग मिरच्या वाळायच्या, भाजून कांडपावर जायच्या, आणि मसाल्याचा पहिला चमचा घरोघर फिरायचा. या गच्चीवर आई पाय पसरून बसायची. घरात मी तिला पाय पसरून बसलेलं कधी पाहिलं नाही. घरात तेवढी जागा नव्हती, आणि समोर कॉटवर आजोबा असायचे. गच्चीवर ती मोठ्याने हसायची, गावच्या लोकांच्या नकला करायची. मला लहानपणी वाटायचं की आईचा आवाज वर गेला की बदलतो.

तर घर आईच्या नावावर होतं आणि तिने सही केली नाही. गच्ची उघडी राहील असं करारात लिहून द्या, मग करते, एवढंच म्हणाली.

खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. सेक्रेटरी भला माणूस. घरात गुडघे धरून बसलेली आई, कानाशी बिल्डरचे फोन, त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. ते हात जोडून म्हणाले, "वहिनी, आडून आडून कशाला? आकडा सांगा."

आई म्हणाली, "आकडो माझ्याकडे नाय. गच्ची उघडी ठेवतलात काय नाय, ता सांगा, भावजी."

लोक हसले. कोणीतरी कुजबुजलं की बाई पक्की आहे, आधी गच्ची मागेल आणि शेवटी एक बेडरूम जास्त घेऊन उठेल. गच्चीवर तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकाही खाली मान घालून बसल्या, त्यांच्या नवऱ्यांनी आधीच सह्या केल्या होत्या. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "तू इकॉनॉमिक्स शिकतेस ना गं? समजाव जरा आईला."

मी समजावलंही. घरी आल्यावर तिला म्हटलं, अगं, हल्ली मसाला तयार मिळतो, मालवणी, अगदी आपल्यासारखा. वर्षाचा आणून देईन तुला. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "आणि बाजूक बसणारी माणसां? ती पण पाकिटात गावतली?"

मी चिडले. माझी खोली तू चार मिरच्यांपायी घालवणार आहेस, असं ओरडले. ती भाकरी उलटत राहिली.

त्याच आठवड्यात कॉलेजमध्ये ते टिंब आलं, आणि पुढच्या तासाला त्याचा खेळ. प्राध्यापकांनी वर्गाचे गट पाडले. एक गट बिल्डर, बाकीचे एकेक घर. टेबलावर चॉकलेटची मोठी पिशवी. प्रत्येक घराला एक कार्ड मिळालं. सगळ्या घरांनी तास संपायच्या आत आपापला आकडा सांगून सही केली तर चॉकलेटं वाटली जाणार, एकानेही अडवलं तर पिशवी परत कपाटात. शेवटच्या घराचं कार्ड माझ्या हातात आलं. त्यावर लिहिलं होतं, तुमच्या सहीशिवाय काम होणार नाही, तुमचा आकडा सांगा.

योगायोग म्हणा. मला मात्र कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला आकडा नाही. अट आहे. गच्ची उघडी हवी."

बिल्डर झालेला मुलगा म्हणाला, ओके, तुला चार चॉकलेटं जास्त. मी नाही म्हटलं. दहा. नाही. वर्ग रंगात आला. शेवटी त्याने अर्धी पिशवी माझ्यापुढे सरकवली. मी ती परत सरकवली. माझ्या शेजारची मैत्रीण कानात म्हणाली, "यार, चॉकलेटच तर आहेत. कर ना सही." गंमत म्हणजे तिला खरंच चॉकलेट हवं होतं, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं तिने.

प्राध्यापक मध्ये पडले. शांतपणे म्हणाले, की प्रत्येक अटीचा आकडा काढता येतो. त्या गच्चीच्या बदल्यात तुला किती दिलं म्हणजे तू तितकीच समाधानी राहशील? तोच तिचा आकडा.

"आणि विकायचीच नसेल तर?"

"मग तुझी मागणी अनंत झाली," ते म्हणाले. "अनंत मागणाऱ्याशी सौदा होऊ शकत नाही. म्हणून तर सगळ्यांचं नुकसान होतं."

इथे माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. त्या वर्गात बोलताना कोणी उभं राहत नसे, पण शाळेची सवय अशा वेळी बरोबर वर येते. मी म्हटलं, "ते लाल टिंब माझी आई आहे. ती अनंत काही मागत नाहीये. ती एक चावी मागतेय. मीटिंगमध्ये तिने काय हवंय ते सांगितलं, तर लोक म्हणाले आकडा सांग. मी इथे सांगितलं, तर तुम्ही म्हणता आकडा सांग. तुम्ही आमचं ऐकत नाही आणि वर अडवणूक आमची म्हणता."

इंग्रजीत सुरुवात केली होती, शेवट मराठीत झाला. अर्ध्या वर्गाला कळला नसेल. तास संपला आणि चॉकलेटं कपाटात गेली. बाहेर पडताना बिल्डर म्हणाला, तू फारच पर्सनली घेतलंस. घेतलंच होतं. माझ्या आईबद्दलची गोष्ट मी पर्सनली नाही घ्यायची तर कोणी घ्यायची?

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, नको करू सही. तिने विचारलं, आणि तुझी खोली? मी म्हटलं, बघू. माझा आवाज फार ठाम निघाला नसावा, पण म्हटलं.

प्राध्यापक वाईट नव्हते. त्यांनी मला बोलावून सांगितलं की मुद्दा चांगला आहे, निबंध लिही. सत्राचा शेवटचा निबंध मी त्यावरच लिहिला. त्यांनी शेरा मारला, की लेखन प्रभावी आहे, पण एका घराची हकिगत हा पुरावा होत नाही, आणि मार्क बेताचे दिले. त्यांनीही फळ्यावर एकच टिंब लाल केलं होतं. फरक इतकाच की त्यांच्या टिंबाला मॉडेल म्हणायचं आणि माझ्या आईला हकिगत. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. मार्क वाढले नाहीत. वाढवून मागायला मी गेलेच नव्हते.

पुढे जे व्हायचं ते झालं. कायद्याने बहुमत पुरतं, एका सहीवाचून फक्त उशीर होतो. आईची सही नसतानाच इमारत पाडली गेली आणि आम्ही बोरिवलीला भाड्याच्या घरात गेलो. मला तेव्हा सगळ्यांचाच राग आला, सेक्रेटरींचा, त्या मान खाली घालणाऱ्या बायकांचा, आणि अर्थशास्त्राचाही. तरी मी ते सोडलं नाही. रागावले म्हणून मैदान त्यांना मोकळं का सोडू? आज मी विलेपार्ल्याला तेच शिकवते.

नवीन इमारत झाली, आम्ही परत आलो. मला माझी खोली मिळाली आणि ती मला आवडते, खोटं कशाला बोलू. पहिल्या चैत्रात आईने मिरच्या आणल्या आणि सेक्रेटरींकडे गच्चीची चावी मागितली. त्यांनी नियम दाखवला. आई बरं म्हणाली, लिफ्टने खाली गेली, लॉबीत संगमरवरी फरशीवर जुनी साडी अंथरली, त्यावर मिरच्या ओतल्या आणि पाय पसरून देठं मोडायला बसली.

लॉबीत एसी होता आणि दारं बंद. थोड्याच वेळात वॉचमन शिंकायला लागला. मग कुरिअरवाला, मग लिफ्टमधून उतरणारा प्रत्येक माणूस. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. माझ्यामागून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, मूठभर मिरच्या पुढ्यात ओढून बसल्या. मग आणखी दोघी. मग लिफ्ट उघडली आणि काठी टेकत सेक्रेटरींची आई बाहेर आली, जिच्यासाठी ती लिफ्ट हवी होती ती. सोफ्यावर बसून तिने पदर पसरला आणि म्हणाली, "घाल गो हयसर."

सेक्रेटरी आले ते नाकाला रुमाल लावूनच. ठसका आवरत म्हणाले, "वहिनी, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

"तेव्हाच सांगितलेलं, भावजी," आई म्हणाली.

त्यांनी आपल्या आईकडे पाहिलं. म्हातारी मान वर न करता म्हणाली, "चावी दी रे तिका."

त्यांनी खिशातून चावी काढून पुढे केली. आईचे हात मिरच्यांनी माखलेले होते, म्हणून ती मी घेतली. समितीने त्यानंतर दोनदा ती मागितली. मी परत दिलेली नाही.